भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय?

या शनिवारी जरा वेगळा विषय. नेहमीचं सॉफ्टवेअरचं रडगाणं पुढच्या आठवड्यात.

कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला जाणाऱ्याला सगळी कथा ऐकवली जाते. सर्जन कोण, त्यांचा हात कसा हलका, टाके किती, खोलीचं भाडं किती, कँटीनचा चहा कसा पाणचट. सगळं ऐकून झाल्यावर हळूच विचारून बघा, "भूल कुणी दिली?" पेशंट बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे बघते, आणि मुलगा म्हणतो, "होते कोणीतरी. हिरव्या कपड्यातले."

बरं, त्या खोलीत सगळेच हिरव्या कपड्यातले असतात.

माझं म्हणणं साधं आहे. हे नाव आपल्याला माहीत असलं पाहिजे. आणि नुसतं नाव कळून भागणार नाही, ऑपरेशनच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी, या माणसाबरोबर दहा मिनिटं बसायला मिळालं पाहिजे. हे मी मॅनर्स म्हणून सांगत नाहीये. शिरेतून दिली जाणारी भुलीची औषधं शरीरात काय करतात हे थोडं समजून घेतलं की हे आपोआप पटतं, असा माझा अनुभव आहे. मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो, आणि नसत्या विषयात नाक खुपसून वाचायची खोड आहे. तेव्हा कुठलं औषध, किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त यंत्रणा कशी चालते तेवढं सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'भूल' हा शब्द एक आहे, त्यामुळे आपल्याला वाटतं गोष्टही एकच आहे. बटण दाबलं, दिवा गेला. बटण दाबलं, दिवा आला. प्रत्यक्षात ही कमीत कमी चार वेगवेगळी कामं आहेत. शुद्ध घालवणं, आठवण न राहू देणं, वेदनेचा निरोप अडवणं आणि स्नायू सैल करणं. (मराठी शब्दात विसरणं आधीच आलेलं आहे, हे मला फार आवडतं.) ही चारही कामं चोख करणारं एकच औषध नाही. म्हणून टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये चार-पाच सिरिंज लेबल लावून ठेवलेल्या असतात. मिडाझोलाम घाबरलेल्या माणसाला शांत करतं आणि पुढचं आठवू देत नाही. फेंटानिल वेदनेसाठी. प्रोपोफॉल शुद्ध घालवायला. ॲट्राक्युरियम किंवा वेक्युरोनियम स्नायूंसाठी. प्रोपोफॉल वेदना मारत नाही हे वाचून मी उडालो होतो. उलट ते शिरेत जाताना हात चांगलाच चुरचुरतो.

ही कामं वेगळी आहेत याचा सगळ्यात जबरदस्त पुरावा १९४७ साली छापून आला. दक्षिण अमेरिकेतले लोक बाणाला जे विष लावायचे, ते क्युरारे, १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरल्ड ग्रिफिथ यांनी पहिल्यांदा भुलीत स्नायू सैल करायला वापरलं. माणूस हलत नाही म्हटल्यावर काही जणांना वाटू लागलं की हे शुद्धही घालवत असेल, वेदनाही कमी करत असेल. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ म्हणाले, बघूया. त्यांनी बाकी कुठलंही औषध न घेता स्वतःच्या शिरेत क्युरारे घेतलं. थोडंथोडकं नव्हे, श्वास बंद पडायला लागतं त्याच्या अडीच पट. सहकारी त्यांचा श्वास बाहेरून चालवत होते. पापणीसुद्धा हलत नव्हती. औषध उतरल्यावर त्यांनी सांगितलं की मी पूर्ण वेळ जागा होतो, सगळं ऐकू येत होतं, टोचलेलं सगळं जाणवत होतं.

आमच्या क्षेत्रात प्रॉडक्शन सर्व्हरवर टेस्ट करणाऱ्याला आम्ही शूर म्हणतो. असो.

यातला धडा आजही लागू आहे. न हलणारा माणूस झोपलेलाच असेल असं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये देशभरातल्या भुलीच्या नोंदी गोळा करून २०१४ साली एक मोठा अहवाल निघाला. पूर्ण भुलीत मधेच शुद्ध आल्याची तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक अशी निघाली. पण फोड केली तर चित्र बदलतं. स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं तिथे ८,००० मागे एक, दिलं नव्हतं तिथे १,३६,००० मागे एक. सरळ आहे. ज्याला हलता येतं तो हात हलवून सांगतो की अहो, मी जागा आहे.

आता शिरेतल्या औषधांकडे येऊ. त्याआधी तोंडावर मास्क धरून ईथर हुंगवायचे. कित्येक मिनिटं लागायची, जीव गुदमरायचा, माणूस हातपाय झाडायचा, चार जण धरून ठेवायचे. १९३४ साली अमेरिकेत रॅल्फ वॉटर्स आणि जॉन लंडी यांनी थोड्याच महिन्यांच्या अंतराने थायोपेंटोन वापरायला सुरुवात केली. हेच ते पेंटोथाल. हाताच्या शिरेत दिलं की अर्ध्या मिनिटात माणूस शांत. हृदयातून निघालेल्या रक्तातला जवळपास सातवा हिस्सा एकट्या मेंदूला मिळतो, आणि वजनाने मेंदू शरीराच्या जेमतेम दोन टक्के. त्यामुळे शिरेत टाकलेलं औषध सगळ्यात आधी तिथे जाऊन थडकतं.

आणि पाच-दहा मिनिटांत माणूस जागा व्हायचा. का? सगळ्यांनी गृहीत धरलं की शरीराने औषध संपवलं म्हणून.

तसं नव्हतं. थायोपेंटोन शरीरातून जायला खूप वेळ लागतो. अर्धं उरायलाच दहा-बारा तास. मग दहा मिनिटांत जाग कशी येते? तीन हौद डोळ्यासमोर आणा. मधला छोटा, म्हणजे रक्त आणि मेंदू. त्याला मोठ्या पाइपने जोडलेला दुसरा, म्हणजे स्नायू. आणि बारीक पाइपने जोडलेला तिसरा, प्रचंड मोठा, म्हणजे चरबी. मधल्या हौदाला खाली एक तोटी आहे, ती म्हणजे यकृत. आता मधल्या हौदात एक बादली ओता. पातळी झटकन चढते, माणूस झोपतो. मग पाणी बाजूच्या हौदांकडे वाहायला लागतं, मधली पातळी उतरते, माणूस डोळे उघडतो. तोटीतून किती गेलं? अगदी थोडं. बादलीतलं बहुतेक पाणी अजून आवारातच आहे, फक्त जागा बदलली आहे. १९५० च्या आसपास चरबीकडे बोट दाखवलं गेलं, आणि १९६० मध्ये हेन्री प्राइस यांनी हिशेब मांडून दाखवलं की पहिल्या काही मिनिटांत खरं काम स्नायूंचा हौद करतो, चरबीचा पाइप तेव्हा फारच बारीक पडतो.

हे चित्र एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. बादलीमागून बादली ओतत राहिलं तर बाजूचे हौद भरत जातात, आणि मग मधली पातळी उतरायचं नावच घेत नाही. म्हणून थायोपेंटोनवर तासन् तास भूल ठेवली तर माणूस दुसऱ्या दिवशीपर्यंत पेंगत राहतो. खूप रक्त गेलेल्या माणसाचा मधला हौदच लहान झालेला असतो, त्यामुळे नेहमीची बादली त्याच्यासाठी पूर ठरते. १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर जखमींच्या बाबतीत असं घडल्याच्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या. पुढे जुनी कागदपत्रं तपासल्यावर त्या बऱ्याच फुगवलेल्या निघाल्या, पण रक्त गेलेल्याला औषध कमी आणि हळू द्यायचं हा नियम पक्का आहे. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. पंच्याहत्तरीच्या आजोबांना आणि पंचविशीच्या नातवाला वजन सारखं म्हणून मात्रा सारखी, असं चालत नाही.

मग आलं प्रोपोफॉल. आयसीआय कंपनीत काम करणारे जॉन ग्लेन हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. १९७३ च्या सुमारास त्यांच्या टीमला हा रेणू सापडला. पाण्यात विरघळत नाही हा त्याचा दोष. सुरुवातीला ज्या द्रवात तो मिसळला त्याची लोकांना जोरदार ॲलर्जी यायला लागली, तेव्हा ते सगळं मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सोयाबीनचं तेल, अंड्यातल्या बलकातलं लेसिथिन आणि ग्लिसरॉल असं दुधासारखं पांढरं मिश्रण बनलं. १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं, १९८९ मध्ये अमेरिकेत. ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. (अंड्याचं कळलं तर आमच्या आजीने भूल घेतली असती का, ही शंका मला आहे.) ते दूधच असल्यामुळे जंतूंनाही फार आवडतं. ॲम्प्यूल फोडलं की लवकर वापरायचं आणि उरलेलं फेकायचं. पुढच्या पेशंटसाठी अर्धं राखून ठेवणं हा काटकसरीचा प्रकार जीवघेणा ठरू शकतो, आणि तो जगात घडलेला आहे.

प्रोपोफॉलची तोटी थायोपेंटोनपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यामुळे ते पंपाने तासन् तास चालू ठेवलं तरी बंद केल्यावर माणूस बऱ्यापैकी लवकर आणि ताजातवाना उठतो. म्हणून ते जगभर पसरलं.

ते मेंदूत करतं काय? चेतापेशींच्या भिंतीत छोटी छोटी दारं असतात. 'गाबा' नावाचं मेंदूतलंच रसायन येऊन बसलं की त्यातली काही दारं उघडतात, क्लोराइड आत जातं आणि पेशी थंडावते, सहजी निरोप पुढे पाठवत नाही. प्रोपोफॉल, थायोपेंटोन आणि एटोमिडेट ही तिन्ही त्या दारात पाय घालून उभी राहतात. दार उघडलेलं जास्त वेळ उघडं राहतं, आणि मात्रा वाढली तर गाबाची वाट न बघता उघडतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या दाराच्या प्रथिनातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले होते. त्या उंदरांवर प्रोपोफॉल आणि एटोमिडेट यांचा परिणाम कितीतरी कमी झाला. हजारो ओळींच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं आणि फीचर बंद पडलं, असं काहीसं. एवढ्या अचूकपणे जागा सापडलेली औषधं थोडीच असतील. पण दारं बंद-उघड होण्यापासून 'मी' नाहीसा होण्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. प्रोपोफॉलखाली मेंदूच्या लहरी थांबत नाहीत. त्या संथ आणि एकसुरी होतात, कपाळामागे दर सेकंदाला दहाएक ठोक्यांचा ताल धरतात, आणि मेंदूच्या भागांचा आपापसातला संवाद तुटतो. लाईन चालू आहे, पण नुसता गुणगुणाट.

हीच दारं श्वासाचा ताल सांभाळणाऱ्या भागातही आहेत. त्यामुळे प्रोपोफॉलने श्वास मंदावतो, बऱ्याचदा काही वेळ थांबतोच. रक्तवाहिन्या सैल पडून बीपी उतरतं. घशाचे स्नायू ढिले पडून जीभ मागे पडते. भूल देणारा माणूस नेमकं याच सगळ्यासाठी डोक्याशी बसलेला असतो. ऑक्सिजन, मास्क, नळी, बीपी चढवायचं औषध, सगळं हाताशी ठेवून. तो माणूस आणि ते सामान काढून घेतलं की काय उरतं, ते २५ जून २००९ रोजी जगाने पाहिलं. मायकेल जॅक्सनला झोप येत नव्हती म्हणून त्याच्या घरी, बेडरूममध्ये, प्रोपोफॉल दिलं जात होतं. त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं गेलं. भुलीला झोप समजण्याचा घोटाळा किती महाग पडू शकतो, याचं दुसरं उदाहरण द्यायची गरज नाही.

केटामाइनचा कारभार अगदी निराळा. १९६२ मध्ये तयार झालं, १९७० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात वापरलं गेलं. ते गाबाच्या नादी फारसं लागत नाही. एनएमडीए नावाची, पेशीला चेतवणारी दारं बंद करतं. माणूस डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, पण आतून कुठेतरी भलतीकडे. हे औषध वेदनाही मारतं, श्वास सहसा चालू ठेवतं, बीपी उतरवण्याऐवजी चढवतं. त्यामुळे जिथे यंत्रं नाहीत, वीज बेभरवशाची, तिथे हे फार मोलाचं. उठताना चित्रविचित्र भास होतात ही त्याची किंमत. नशेसाठी त्याचा गैरवापर होतो म्हणून त्यावर जगभर कडक बंधनं आणायच्या हालचाली झाल्या, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला. मला ते पटतं. मुंबईतल्या पार्ट्यांसाठी आदिवासी भागातलं सिझेरियन अडवण्यात काय अर्थ आहे?

एटोमिडेटबद्दल एकच. हृदयाला फार धक्का न देणारं म्हणून ते आयसीयूत दिवसेंदिवस चालू ठेवायचे. १९८३ मध्ये लक्षात आलं की अशा पेशंटमध्ये मृत्यू जास्त होताहेत, कारण ते ॲड्रिनल ग्रंथीचं काम दाबून टाकतं. आता एका डोसपुरतंच वापरतात.

आता माझ्या आवडीचा भाग. १९९६ पासून असे पंप मिळायला लागले ज्यांच्यात वर सांगितलेले तीन हौद प्रोग्रॅम म्हणून भरलेले असतात. डॉक्टर पेशंटचं वय आणि वजन, काही मॉडेलमध्ये उंची आणि स्त्री की पुरुष हेही टाकतात, रक्तात किती पातळी हवी ते सांगतात, आणि पंप दर काही सेकंदांनी गणित करून वेग कमी-जास्त करतो. स्क्रीनवर दशांश चिन्हासकट आकडा दिसतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, वा, म्हणजे रक्त तपासत असणार. नाही तपासत! तो आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. हुंगायच्या गॅसचं बरं असतं, दर उच्छ्वासाला बाहेर किती आला ते यंत्र मोजतं. शिरेतल्या औषधाला रोजच्या वापरात अशी सोय नाही. मॉडेल वीस-तीस टक्क्यांनी चुकणं हे चालण्यासारखं धरलं जातं. आणि चादरीखाली हाताची सुई शिरेतून निसटली, औषध शिरेऐवजी मांसात जायला लागलं, तरी पंप आपला सांगत राहणार की पातळी छान आहे.

कपाळाला पट्ट्या लावून मेंदूच्या लहरींवरून शून्य ते शंभर असा आकडा देणारी यंत्रंही आहेत. उपयोगी आहेत, पण केटामाइन दिलं की त्यांचा गोंधळ उडतो, कारण त्याच्याखाली मेंदूच्या लहरी शांत न होता उलट वेगाने चालतात.

म्हणजे शेवटी हे सगळं चालतं कशावर? एका अंदाजी मॉडेलवर, आणि त्या मॉडेलशी सतत भांडत बसलेल्या एका अनुभवी माणसावर. घाम आला का, नाडी वाढली का, डोळ्यात पाणी आलं का. आणि त्याला लागणारी सुरुवातीची माहिती कोण देतं? आपण. आमच्या धंद्यातली जुनी म्हण आहे, आत कचरा टाकला की बाहेर कचराच येतो.

आणि आपण काय टाकतो? काका रोज संध्याकाळी दोन पेग घेतात. डॉक्टर विचारतात तेव्हा शेजारी काकू उभ्या असतात. काका म्हणतात, "छे छे, कधीतरी लग्नाबिग्नात." रोजच्या दारूने औषधांचं गणित बदलतं. तंबाखू, मिश्री सांगत नाहीत. झोपेच्या गोळ्या सांगत नाहीत. वजन उतरवायची हल्लीची इंजेक्शनं चालू असतात, ज्यांनी पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, तेही सांगायचं राहतं. घोरणं तर आपल्याकडे विनोदाचा विषय, पण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाची भूल ही वेगळी जोखीम असते. कवळी काढायची लाज वाटते. आणि "आमच्या मामांना भुलीनंतर श्वासच घेता येईना, रात्रभर यंत्रावर ठेवलं होतं" ही माहिती फक्त लग्नाच्या पंगतीत निघते. वास्तविक ती लाखमोलाची. स्कोलिन नावाचं स्नायू सैल करणारं औषध पाच-दहा मिनिटांत उतरतं. ते मोडणारं एन्झाइम ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांना ते तासन् तास पुरतं. हे आनुवंशिक आहे, आणि दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात तुलनेने जास्त आढळतं. आधी माहीत असेल तर डॉक्टर सरळ दुसरं औषध वापरतील.

आणि चहा! उपाशीपोटी या, म्हटलं की आपण जेवत नाही, पण चहा म्हणजे काय, पातळच. पाणी किंवा तत्सम पारदर्शक पेय दोन तास आधीपर्यंत चालतं, हे खरं. पण दूध पोटात जाऊन दह्यासारखं घट्ट होतं, म्हणून त्याला हलक्या जेवणासारखे सहा तास लागू. दुधाचा चहा दुधातच मोजायचा. भूल चढली की खोकल्याची, गिळायची प्रतिक्षिप्त क्रिया जाते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात.

आमच्या नात्यातल्या एका मावशींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, एका छोट्या नर्सिंग होममध्ये. रक्त, ईसीजी, एक्स-रे, फिजिशियनचा फिटनेस, सगळं झालं होतं. भुलीचे डॉक्टर त्यांना पहिल्यांदा भेटले ते थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात. दोन मिनिटांत सात-आठ प्रश्न. सकाळपासून काही घेतलंत? मावशी खऱ्या माणसासारख्या म्हणाल्या, "देवपूजा झाल्यावर अर्धा कप चहा, बस." डॉक्टर म्हणाले, आज आत्ता नाही. त्यावर जो गोंधळ झाला! सर्जनची पुढची लिस्ट कोलमडली. आमच्यापैकी एक दादा बाहेर म्हणाला, "पैसे उकळायचे धंदे आहेत सगळे, अर्ध्या कपाने काय होतंय?" माझं मत तेव्हाही हेच होतं की त्या क्षणी त्या इमारतीत मावशींच्या बाजूने उभा असलेला तो एकटा माणूस होता. सगळे वैतागलेले असताना नाही म्हणणं सोपं नसतं, विशेषतः पुढचं काम त्याच सर्जनकडून मिळणार असताना. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, मावशी ठणठणीत आहेत. डिस्चार्ज कार्डावर त्या डॉक्टरांची सही होती. नाव कुणालाही लागलं नाही.

हाच प्रश्न आदल्या संध्याकाळी विचारला गेला असता तर? "मावशी, उद्या चहासुद्धा नाही हं" एवढं एक वाक्य.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की भूलतज्ज्ञ कमी आहेत, बिचारे स्कूटरवरून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात पळत असतात, त्यांना वेळ कुठला. खरं आहे. पण फोन आहे ना. मोठ्या हॉस्पिटलांत भुलीपूर्वीच्या तपासणीची वेगळी ओपीडी असते, छोट्यांनी निदान आदल्या दिवशी एक कॉल ठरवून द्यावा. फिजिशियनचा फिटनेस हे त्याला उत्तर नाही. तो हृदय, साखर, बीपी बघतो. तुमचं तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, जबड्यामागे नळी घालायला जागा आहे का, हे तो बघत नाही. "आ करा, जीभ बाहेर काढा" म्हणून घशाचा पडदा किती दिसतो यावरून अंदाज बांधायची पद्धत १९८५ मध्ये मांडली ती शेषगिरी मल्लमपती या बोस्टनमध्ये काम करणाऱ्या आपल्याच आंध्रच्या भूलतज्ज्ञांनी. अर्ध्या मिनिटाची, फुकट तपासणी. टेबलावर आडवं करून दिवे लावल्यावर ती करण्यात काय मजा?

दुसरा युक्तिवाद, जास्त सांगितलं तर पेशंट घाबरतो. माझ्या मते पेशंट आधीच घाबरलेला असतो, फक्त एकटा घाबरलेला असतो. एकाला दुसरा माणूस नावाने भेटला, "मी डॉक्टर अमुक, उद्या पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी मीच असणार" म्हणाला, की निम्मं काम मिडाझोलामच्या आधीच होतं.

तेव्हा भुलीचा संमतीपत्राचा कागद वेगळा मागा. तो सर्जनच्या कागदात दडलेला नसावा. त्यावर नाव वाचता येईल असं लिहून घ्या. काकूंना जरा बाहेर पाठवून काकांना खरं बोलू द्या.

आणि घरी आल्यावरचं राहिलंच. त्याच दिवशी घरी सोडतात तेव्हा माणूस बोलतो, चालतो, भूक लागली म्हणतो. "मला काही होत नाहीये" म्हणून स्कूटरची किल्ली मागतो. तर ते हौद आठवा. मधला उतरलाय, बाजूचे अजून उतरताहेत, आणि फेंटानिल, मिडाझोलाम ही मंडळीही रेंगाळत असतात. चोवीस तास गाडी नाही, दारू नाही, गॅसशी एकट्याने खटपट नाही, आणि फ्लॅटच्या ॲग्रीमेंटवर सही तर मुळीच नाही. चहा मात्र, डॉक्टर हो म्हणाले की लगेच. दुधाचा.